स्किझोफ्रेनिया: आवाज थांबले, पण डोक्यात काही टिकत नाही. यावर नेमकं औषध आहे का?

घाटंजीकर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोन ही त्यावरची गोळी न चुकता सुरू आहे. कानातले आवाज कधीच बंद झाले, संशय गेला, रात्री झोप लागते. गाव म्हणतं, बरा झाला. पण दादाला काम झेपत नाही, आणि हा आळस नाही हे मला घरात कुणालाच पटवून देता येत नाहीये.

फवारणीचंच सांगतो. पंपात पाणी भरायचं, झाकणानं औषध मोजून टाकायचं, ढवळायचं, पंप पाठीवर घ्यायचा. दादा दोन झाकणं टाकतो, तेवढ्यात बांधावरून कुणी हाक मारली की थांबतो. परत वळेपर्यंत किती टाकली ते गेलेलं असतं. मग एकदा बाटलीकडे, एकदा पंपाकडे बघत उभा राहतो, आणि कधी पुन्हा पहिल्यापासून टाकायला लागतो. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्यामुळे हे बघताना माझ्या पोटात गोळा येतो.

दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक येते. चार माणसं एकदम बोलायला लागली की तो उठून बाहेर जातो. पण कोणत्या साली कोणत्या वावरात तूर होती, ते विचारा, बरोबर सांगतो. बाबा म्हणतात गोळ्यांनी सुस्तावला, आई म्हणते कुणाची तरी नजर लागली.

मला विचारायचं आहे ते हे: हा आजाराचा भाग की गोळ्यांचा परिणाम? यासाठी म्हणून वेगळं औषध निघालंय का? आणि मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला महिन्यातून एकदाच येतात अशा ठिकाणी राहून आम्ही काय करू शकतो?

डॉ_वैदर्भीय

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, पूर्व विदर्भात काम करतो. दादांना तपासल्याशिवाय त्यांच्याबद्दल ठाम सांगता येणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते ओपीडीत रोज ऐकतो.

मुळात हा आजाराचाच भाग आहे. क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याला बुद्धीची घसरण हीच मोठी खूण वाटली होती. पुढे १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं, आवाज आणि भ्रम आटोक्यात येऊ लागले आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं. आवाज थांबले म्हणजे उपचार यशस्वी, असं आम्ही डॉक्टरही धरून चालायला लागलो. १९९६ मध्ये मायकेल ग्रीन या अमेरिकी संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की माणूस पुन्हा कामाला लागेल का, चार माणसांत वावरेल का, हे स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्याशी जास्त बांधलेलं आहे. भास किती आहेत, याच्याशी तितकं नाही.

दादांचं जे झाकण मोजताना होतं, ती कामचलाऊ स्मृती. हातातलं काम संपेपर्यंत आकडा डोक्यात धरून ठेवायची ताकद. जुनी आठवण वेगळ्या जागी असते, म्हणून तुरीचं वावर आठवतं. डोपामिन हा मेंदूतला एक निरोप्या, आणि ग्राहक म्हणजे पेशीवरचं त्याचा निरोप घेणारं दार. आपल्या नेहमीच्या गोळ्या डोपामिनचा डी-२ नावाचा ग्राहक अडवतात. त्यानं भास कमी होतात. कपाळामागच्या भागात जे काम अडलेलं असतं, ते त्यानं सुटत नाही. बाबांना एवढं नक्की सांगा की बऱ्याच रुग्णांत ही घसरण पहिला झटका येण्याच्या आधीपासून, म्हणजे एकही गोळी पोटात जायच्या आधीपासून दिसते.

पण गोळ्यांचा वाटा अजिबात नसतो असंही नाही. दादांच्या कागदावर ट्रायहेक्सिफेनिडिल, किंवा नुसतं टीएचपी, असं काही लिहिलंय का? असेल तर कळवा.

घाटंजीकर

आहे डॉक्टर. वेगळी गोळी नाही, रिस्पेरिडोनच्याच गोळीत ते मिसळलेलं आहे. पाकिटावर दोन्ही नावं आहेत. सुरुवातीला हात थरथरत होते म्हणून दिली होती. आता थरथर नाही. ती कशासाठी चालू आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉ_वैदर्भीय

मग हे नीट वाचा, कारण आपल्या भागातल्या माणसाला हे लवकर समजेल.

फवारणीच्या विषबाधेचा पेशंट दवाखान्यात आला की त्याला अ‍ॅट्रोपिन देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की तो बरळतो, हवेत काहीतरी पकडायला जातो, चादर चाचपत राहतो, तोंड कोरडं पडतं. धोत्र्याचं बी पोटात गेलं तरी तसंच होतं. दोन्हींत कारण एकच: मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा जो निरोप्या आहे, त्याचे मस्कॅरिनिक ग्राहक अडवले जातात. लक्ष लागणं, नवीन गोष्ट डोक्यात बसणं, हे बरंचसं त्याच निरोप्यावर चालतं.

टीएचपी त्याच जातीचं औषध आहे. अर्थात डोस लहान असतो, माणूस बरळत नाही. पण वर्षानुवर्षं घेतलं तर शिकणं आणि लक्षात ठेवणं मंदावतं. आधीच कमी असलेल्या गोष्टीत आणखी घट. अंग आखडणं, लाळ गळणं, थरथर यांवर ते चांगलं औषध आहे, पण ज्याला त्रासच नाही त्याला केवळ खबरदारी म्हणून कायम देत राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० मध्येच म्हटलं होतं. आपल्याकडे दोन औषधं एकाच गोळीत येत असल्यानं ते कमी करायचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद केलं तर अंग आखडू शकतं, मळमळ, बेचैनी, झोप उडणं होऊ शकतं. आणि मिश्र गोळी थांबवली तर रिस्पेरिडोनही थांबतं, मग आवाज परत यायला वेळ लागत नाही. पुढच्या तारखेला डॉक्टरांना सरळ विचारा: थरथर नाही, तर टीएचपी हळूहळू कमी करून बघता येईल का? त्यासाठी आधी रिस्पेरिडोन सुटं लिहून घ्यावं लागेल. सोबत थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. झोपेची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी मधूनमधून मेडिकलमधून आणत असाल तर तीही दाखवा, त्यातल्या काही याच जातीच्या असतात.

आणि तोवर दादांच्या हातात फवारणीचं औषध देऊ नका. ही विनंती समजा.

खारपाणपट्टा

डॉक्टर साहेब, मी दर्यापूरकडचा. माह्या लहान भावाले हाच आजार हाय. तो दिवसभर बसून रायते, पन खर्रा खाल्ला का घंटाभर त्याचं ध्यान लागते, ढोरायचं पानी, वैरन, सारं करते. मंग पुन्हा जसाच्या तसा. आमी खर्रा बंद करा म्हनतो तं तो म्हनते, यानंच माहं डोकं चालते. हे खरं हाय का त्याच्या मनाचं?

सिनॅप्स

खारपाणपट्टा दादा, तुमच्या भावाचं म्हणणं मनाचं नाही. मी भंडाऱ्याची, आता बंगळुरात मेंदूविज्ञानात काम करते. तुमच्या प्रश्नात गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनाच्या दोन वाटा आल्यात.

खऱ्र्यात तंबाखू आणि सुपारी. तंबाखूतलं निकोटिन अ‍ॅसिटिलकोलीनच्या दुसऱ्या जातीच्या ग्राहकांवर बसतं आणि थोडा वेळ लक्ष धारदार करतं. त्यावरून शास्त्रज्ञांनी त्यातल्या अल्फा-७ नावाच्या एकाच ग्राहकावर नेम धरून औषधं केली. एन्सेनिक्लिन हे त्यातलं बरंच पुढे गेलेलं. २०१६ मध्ये रुग्णांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या, म्हणजे मंजुरीआधीच्या टप्प्यात ते अपयशी ठरलं.

सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन मस्कॅरिनिक ग्राहकांना चालना देतं. म्हणजे डॉक्टरांनी वर सांगितलेलं टीएचपी जी दारं बंद करतं, ती हे उघडतं. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवर सुपारी खाणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत लक्षणं काहीशी सौम्य दिसली, असा अभ्यास २००० मध्ये छापून आला होता. आणि झॅनोमेलिन नावाचा रेणू अ‍ॅरेकोलिनच्याच घडणीवरून बनवलाय. नव्वदच्या दशकात तो अल्झायमरच्या रुग्णांवर तपासला. त्यांचे भास कमी झाले, पण उलट्या आणि पोटाचा त्रास इतका की काम थांबलं. नंतर त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली. ट्रॉस्पियमही टीएचपीसारखं दारं बंद करतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे पोटातली दारं बंद राहतात आणि मेंदूतली उघडी. ही जोडगोळी अमेरिकेत २६ सप्टेंबर २०२४ ला स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झाली. डोपामिनचा ग्राहक न अडवता काम करणारं या आजारावरचं ते पहिलं मंजूर औषध.

पण दोन गोष्टी जपून घ्या. एक, ही मंजुरी स्किझोफ्रेनियासाठी आहे, स्मरणशक्तीसाठी वेगळी नाही. ज्यांची बुद्धीची कामं आधीच बरीच मंदावलेली होती, अशा रुग्णांत थोडा फायदा दिसला. तेवढ्यावरून घोषणा करता येत नाही. दोन, खर्रा हे औषध नाही. सुपारीनं तोंड आखडतं, कॅन्सर होतो, यात शंका नाही. २००४ मध्ये ती कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात गेली. भावाला खऱ्र्यानं का बरं वाटतं ते समजून घ्या, त्याच्यावर चिडू नका, पण ते सुटण्यासाठी मदत नक्की घ्या.

जाता जाता: बिडी ओढणारा पेशंट असेल तर धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही याच आजारावरची औषधं असतील तर ती शरीरातून लवकर निघून जातात. बिडी एकदम सोडली तर तेच औषध जास्त होऊ शकतं. म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं. खऱ्र्याला धूर नाही, तिथे ही अडचण येत नाही.

घाटंजीकर

सिनॅप्स ताई, मग फक्त स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्यासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध आज एकही नाही, असं समजायचं का?

सिनॅप्स

हो, एकही नाही. आणि प्रयत्न कमी पडले असंही नाही.

दोन हजारच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं मॅट्रिक्स नावाचा उपक्रम घेतला. त्यातून सात क्षेत्रं ठरली: विचाराचा वेग, लक्ष, कामचलाऊ स्मृती, ऐकलेलं शिकणं, पाहिलेलं शिकणं, अडचण सोडवणं आणि समोरच्याचं मन ओळखणं. त्यांच्या चाचण्यांचा संच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध मंजूर करायचं तर नुसते चाचणीतले गुण वाढून भागणार नाही, रोजच्या जगण्यातली क्षमताही वाढलेली दिसली पाहिजे, हेही तिथेच ठरलं. मला ही अट फार योग्य वाटते. दादाला कागदावर दोन गुण जास्त मिळून काय उपयोग, झाकण मोजता आलं पाहिजे.

मग ग्लुटामेट या मेंदूतल्या आणखी एका निरोप्याची वाट. मेंदूत एनएमडीए नावाचा ग्राहक आहे. तो उघडायला ग्लुटामेट लागतं आणि सोबत ग्लायसिन किंवा डी-सेरिनही लागतं. केटामाइन हे भुलीचं औषध हा ग्राहक अडवतं, आणि चांगल्या माणसालाही थोडा वेळ स्किझोफ्रेनियासारखं होतं, विचार तुटतात. म्हणून कल्पना अशी की ग्लायसिन परत ओढून घेणारा पंप अडवायचा, म्हणजे ते तिथे जास्त वेळ राहील. आयक्लेपर्टिन असंच औषध. दुसऱ्या टप्प्यातले निकाल २०२१ मध्ये आले तेव्हा आमच्या क्षेत्रात खरी आशा होती. तिसऱ्या टप्प्यात तीन मोठ्या चाचण्या झाल्या, सहा सहा महिने औषध दिलं. जानेवारी २०२५ मध्ये कळलं की ना स्मरणशक्तीत फरक पडला, ना जगण्यात.

माझं मत सांगते. स्किझोफ्रेनिया हे एक नाव आहे, आत बिघाड वेगवेगळे आहेत. एखाद्या कुटुंबात एनएमडीए ग्राहकाच्या जनुकातच, म्हणजे ग्रिन-२ए मध्ये, दुर्मीळ दोष असतो. २०२२ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ते स्पष्ट झालं. कुणाच्या मेंदूत पेशींना एका तालात ठेवणाऱ्या पेशी अशक्त असतात, ते ईईजीच्या, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या मेंदूच्या आलेखाच्या, लहरींत दिसतं. कुणाच्या झोपेतल्या ज्या लहरींनी दिवसभराचं शिकलेलं पक्कं होतं, त्याच कमी असतात. या सगळ्यांना एका रांगेत उभं करून एकच गोळी दिली, तर ज्यांना लागू पडली त्यांचा फायदा सरासरीत बुडून जातो. आधी कुणाचा बिघाड कुठला ते ओळखायचं आणि मग त्यालाच ते औषध द्यायचं, ही दिशा मला खरी वाटते.

आणि ओळखण्याच्या चाचण्या आपल्या माणसांना चालल्या पाहिजेत. चौथी शिकलेल्या शेतमजुराला एकाआड एक आकडा आणि अक्षर जोडत जा म्हटलं, तर त्याची शाळा मोजली जाते, आजार मोजला जात नाही.

वऱ्हाडी_मुलूख

मेंदूचे खेळ म्हणून मोबाईलवर ॲप मिळतात, फुकट आहेत. रोज अर्धा तास खेळायला द्या, औषधाची वाट कशाला बघायची?

वर्धेची_रेणुका

मी कर्मोपचार करते, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. नुसता खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, पुढे काही जात नाही. पण यातला जो नीट प्रकार आहे, कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे स्मरणशक्ती आणि लक्ष यांची पद्धतशीर शिकवणी, त्याला भक्कम आधार आहे. २०२१ मध्ये १३० अभ्यास एकत्र तपासले गेले, साडेआठ हजारांहून जास्त सहभागी होते. फायदा लहान ते मध्यम, पण खरा: स्मरणशक्तीत आणि जगण्यातही. शिकवणारा माणूस सोबत असेल, युक्त्या मुद्दाम शिकवल्या असतील आणि खऱ्या कामाची जोड असेल तिथे तो जास्त होता. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की कमी शिकलेल्यांना आणि जास्त लक्षणं असलेल्यांना त्याचा फायदा अधिक झाला. म्हणजे आपल्या खेड्यातल्या माणसाला हे चालणार नाही, असं म्हणायला जागाच नाही.

घाटंजीकर भाऊ, विष बाजूला ठेवून दादांना दुसऱ्या कामावर शिकवू या. टोबणी घ्या. एका जागी किती सरक्या टाकायच्या ते आधी तुम्ही करून दाखवा, तोंडानं मोठ्यानं म्हणत. मग दोघांनी मिळून. मग दादा एकटे, मोठ्यानं म्हणत. मग हळू आवाजात, मग मनात. सुरुवातीला काम इतकं सोपं ठेवा की चुकायला वावच नको, कारण या आजारात चुकीची गोष्टही डोक्यात बसते आणि मग ती निघता निघत नाही.

मोजणीसाठी उजव्या खिशात खडे ठेवायचे. एक तास संपला की एक खडा डाव्या खिशात. (तास म्हणजे पिकाची ओळ, हे शहरातल्या वाचकांसाठी.) कुणी हाक मारली तरी आकडा खिशात राहतो, डोक्यात धरून ठेवावा लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं पुढे हेच शेळ्या मोजायला स्वतःहून वापरलं. त्याला ते कुणी सुचवलं नव्हतं, म्हणून मला त्याचं मोल जास्त.

दुकानाच्या वस्तू आधी दोनच. पिशवीत चित्र काढलेली चिठ्ठी. निघताना दादांनी म्हणून दाखवायचं, दुकानात पोचल्यावर पुन्हा म्हणायचं. घरात एका वेळी एकानंच बोलायचं आणि एकच काम सांगायचं. आणि रोज धाप लागेल असं चालणं. व्यायामानं या रुग्णांची बुद्धीची कामं सुधारतात, याचेही चांगले अभ्यास आहेत.

तज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात म्हणून हात बांधले गेलेत असं समजू नका. गोवा, तमिळनाडू आणि आपला सातारा इथे झालेल्या एका अभ्यासात गावातलीच प्रशिक्षित माणसं रुग्णाच्या घरी जात होती. २०१४ मध्ये त्याचे निकाल आले. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणं आणि अपंगत्व थोडं जास्त कमी झालं. तुम्ही तर शिक्षक आहात. पहिलीतल्या लेकराला जे धीरानं शिकवता, तोच धीर इथे लागतो. मध्ये अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

खारपाणपट्टा

रेनुका ताई, खड्याचं आमी उद्याच करून पाहातो. भाऊ ढोरं मोजताना लय गोंधयते.

अंजनगावची_आई

माझी मुलगी बारावीत हुशार होती, आता कुकरच्या शिट्ट्या मोजताना हरवते. लोक म्हणतात सासरी नांदणार नाही, शिकवून काय उपयोग. रेणुका ताईंचं वाचून मी दाराशी शिट्ट्यांसाठी मणी लावायचं ठरवलंय. माझा प्रश्न वेगळा आहे. शहरातल्या एका ठिकाणी स्मरणशक्तीच्या नव्या औषधाची चाचणी आहे, मुलीचं नाव घालता का, असं आम्हाला विचारलंय. उद्यापर्यंत सही करून द्या म्हणाले. करू का?

डॉ_वैदर्भीय

ताई, उद्यापर्यंतच हवी असेल तर उद्या करू नका. चांगल्या चाचणीत विचार करायला वेळ देतात.

चाचणीत भाग घेणं वाईट नाही. उलट अशा चाचण्या झाल्याशिवाय दादांसाठी आणि तुमच्या मुलीसाठी औषध निघणार नाही, आणि त्यात खेड्यातली, मराठी बोलणारी माणसं असायलाच हवीत. पण काही गोष्टी विचारून घ्या. भारतात २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावीच लागते. तिचा नोंदणी क्रमांक मागा. माहितीपत्रक मराठीत मागा, ते घरी आणून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार फुकट आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. पत्रकात ते लिहिलंय का ते बघा. सध्याच्या गोळ्या चालू राहणार की थांबणार, हे नक्की विचारा. स्मरणशक्तीची औषधं सहसा चालू गोळ्यांना जोड म्हणून देतात. गोळ्या थांबवणार असतील तर मला इथे पुन्हा लिहा.

काही जणांना खरं औषध मिळतं, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. ते कुणालाच आधी माहीत नसतं. मुलीला हे समजावून सांगा. कधीही मधूनच बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत, हेही सांगा.

आणि सगळ्यात आधी तिलाच विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजार आहे म्हणून तिचा निर्णयाचा हक्क जात नाही. तिला एका वेळी एकच मुद्दा सांगा, मग तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती हो म्हणाली तर सही तिची, तुम्ही सोबत.

अंजनगावची_आई

नोंदणी क्रमांक मागितला आहे. ते म्हणाले सोमवारी देतो. मुलीनं पहिला मुद्दा ऐकला आणि तिनंच विचारलं, "माझं रक्त किती वेळा काढतील?" हे मला सुचलंच नव्हतं. तेही सोमवारी विचारते.